दारावरचा दिवा

डोळे मीट. बोटांच्या फटीतून बघायचं नाही हं, मी जन्मभर मुलांना शिकवत आले आहे, मला ते लगेच कळतं.

आता समज, तू समुद्रकाठच्या एका शेडच्या ओट्यावर उकिडवा बसला आहेस. समोर मासे भरायचं प्लास्टिकचं क्रेट आहे, पण त्यात मासे नाहीत. पाण्याखाली चालणारे दिवे आहेत. एक शहाळ्याएवढा गरगरीत. एक पडवळासारखा लांबट. एक इतका छोटा की मुठीत हरवेल. एक असा की त्याचं बटण कुठे आहे तेच सापडत नाही. आणि तुला सांगितलंय, यातला एक उचल. तो घेऊन तुला पाण्याखाली एका घळीच्या तोंडाशी थांबायचंय. आत माणसं गेली आहेत. आत काळोख आहे. दार कुठे आहे, हे त्यांना तुझ्या उजेडावरून कळणार आहे.

कोणता उचलशील?

शहाळ्याएवढा? वाटलंच. गणोनंही तोच उचलला होता.

"माका ह्यो!" म्हणत त्यानं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला, कुणी काढून घेईल म्हणून.

ही गोष्ट मालवणच्या दक्षिणेकडच्या एका वाडीतली. तेव्हा माझे केस काळे होते आणि मी तिथल्या मुलांना पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा ते शिकवत असे. मी मूळची घाटावरची, साताऱ्याकडची. त्यामुळे माझं बोलणं ऐकून वाडीतली मंडळी पुष्कळ हसायची. मुलं मला मावशी म्हणत. माझा जोडीदार होता बावतीस फर्नांडिस. उत्तम पाणबुड्या, उत्तम स्वयंपाकी, आणि डोक्यावर एकही केस नाही. तो मला बाय म्हणे, आणि चिडला की घाटावरची बाय.

त्या हिवाळ्यात आम्हाला एक गोष्ट शोधून काढायची होती. हत्तीखडप नावाच्या मोठ्या खडकाखाली पाण्यात एक घळ होती, तोंडापासून बरीच आत सरळ, नळीसारखी. ती आरपार आहे की आत बंद होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. बावतीसनं मात्र वाडीभर सांगून ठेवलं होतं की ती आरपार आहे आणि मी तुमका दाखवतंय. आत जाणार आम्ही दोघं. घळीच्या तोंडाशी, उघड्या पाण्यात, शाणूमामा नावाचा आमचा तिसरा सोबती थांबणार आणि त्याच्याबरोबर दारावरचा दिवा धरायला एक मूल. मुलांना घळीत न्यायचं नाही, हे माझं पहिलं वाक्य होतं आणि शेवटचंही. पण दार राखायला हरकत नव्हती. शाणूमामाच्या हातांत आमच्या परतीची दोरी असे, त्याला दिवा धरायला मोकळा हात नव्हता.

वाडीतल्या दोन मुलांना ते काम हवं होतं. गणोला हवं होतं कारण ते सुंगटला हवं होतं. आणि सुंगटला हवं होतं म्हणजे किती, ते कसं सांगू? ती पहाटेपासून शेडच्या पायरीवर येऊन बसायची, मास्क कपाळावर चढवून.

सुंगट म्हणजे कोळंबी. पोरीचं खरं नाव तेजाली तांडेल, वय बारा. पण टोपलीत टाकलेली कोळंबी जशी उडी मारून बाहेर पडते तशी ती कुठेच एका जागी टिकत नसे, म्हणून सगळी वाडी तिला सुंगट म्हणायची. दुसरीही एक ख्याती होती तिची. थापा मारण्याची. "आज्या, तुजी होडी सुटली!" असं ओरडून तिनं आपल्या आजोबांना जेवणावरून उठवून किनाऱ्यापर्यंत पळवलं होतं. होडी जागेवरच होती.

तर गणो शहाळं पोटाशी धरून बसला आणि सुंगटनं एकही दिवा उचलला नाही. तिनं एकेक लावला आणि अंगणापलीकडे रोखला. पलीकडे करंजाच्या सावलीत बावतीस आमच्याकडे पाठ करून जाळं विणत बसला होता. लहान दिवा लावला, काही दिसलं नाही. मोठा गणोच्या हातातून ओढून लावला, सगळ्या सावलीवर पिठूळ उजेड पसरला आणि त्यात काही वेगळं दिसेना. मग तिनं पडवळ लावलं. बावतीसच्या टकलावर रुपयाएवढा लख्ख ठिपका उमटला. तिनं तो हळूच एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"ह्यो," ती म्हणाली. "माका ह्यो व्हयो."

बावतीसनं डोक्यावर हात मारला, माशी समजून. ठिपका हातावर गेला. तो गर्रकन वळला.

"कोण ता? गणो! तुज्या बापाशीक सांगान हां!"

"मी नाय! माज्याकडे मोठो असा!"

मी हसले नाही. शिकवणाऱ्यानं कधी हसू नये ते मला चांगलं कळतं, फार कठीण जातं एवढंच. मी स्वयंपाकघरातून लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणली, पाण्यानं भरली आणि त्यात पळीभर भाताची पेज ओतली. पाणी दुधाळ झालं. बरणीच्या मागे चमचा धरला.

"गणो, तुझा दिवा लाव. चमचा दिसतो?"

गणोनं लावला. सगळी बरणी पांढरीफेक झाली. जणू आत चादर वाळत घातली होती.

"चमचो गेलो खंय?"

"आता सुंगट, तुझा."

पडवळाचा उजेड काठीसारखा पेजेतून आरपार गेला आणि चमचा चमकला.

"घळीत गाळ असतो," मी म्हटलं. "पाय चुकून तळाला लागला की पाण्याची अशी पेज होते. मोठा, पसरट दिवा त्या पेजेवरच उजेड सांडतो आणि आपलेच डोळे दिपवतो. अरुंद उजेड आत घुसतो. शिवाय तो लांबून ओळखू येतो."

"मगे मोठो ठेवलंस कित्याक?" गणोनं दुखावून विचारलं.

"फोटो काढायला. आणि तुला फसवायला."

मग त्यांना प्रत्येकी आणखी दोन दोन लहान दिवे दिले, कमरेच्या पट्ट्याला अडकवायला. घळीजवळ कुणी एका दिव्यावर विसंबत नाही. बावतीस येऊन शेजारी बसला होता. टक्कल पुसत तो म्हणाला, "एक पेटता, एक पेटात, आनी एक पेटलोच पायजे." एवढ्याशा वाक्यात त्यानं माझा अर्ध्या तासाचा धडा संपवला म्हणून मी जरा खट्टूच झाले.

दुपारी शेडची दारं लावून काळोख केला आणि भिंतीवर दिव्यांची भाषा शिकवली. पाण्याखाली तोंडात हवेची नळी असते, बोलता येत नाही. उजेड बोलतो. ठिपक्यानं सावकाश गोल काढला की विचारायचं, ठीक आहेस ना? समोरच्यानं गोल काढला की ठीक आहे. ठिपका हळू आडवा नेला की इकडे बघ. आणि ठिपका झपझप डावीउजवीकडे नाचला की धोका. सगळं सोडून बाहेर.

"समोरचो माणूस पाठमोरो असलो तर?" सुंगटनं विचारलं. चांगला प्रश्न होता.

"म्हणून तर ठिपका. तो त्याच्या खांद्यावरून पुढे टाकायचा, त्याला दिसेल असा वाळूवर. त्याच्या डोळ्यांत मारायचा नाही. डोळ्यांत उजेड मारणारा बोलत नसतो, किंचाळत असतो. गणो, खाली कर तो."

गणोनं खाली केला.

"आता शेवटचं," मी म्हटलं. "हे नीट ऐका. धोक्याचा ठिपका कुणीही नाचवू शकतो. मोठ्यानं, लहानानं, कुणीही. तो नाचला की सगळे वळतात. आणि का नाचवलास, हे कुणी विचारायचं नाही. पाण्यात नाही, होडीत नाही, जेवतानाही नाही. रागवायचं नाही. कधीच."

"आनी उगीच नाचवलो तर?" सुंगटचे डोळे काळोखातही मला दिसले.

"तरी नाही."

"खराच?"

"खरंच."

बावतीस माझ्याकडे बघत होता. दारं उघडल्यावर तो हळूच म्हणाला, "बाय, ह्या तू कोणाक सांगलंस ता तुका कळता मा?"

मला कळत होतं. पण नियम मी केलेला नव्हता. जगात जिथे जिथे माणसं घळींत बुडी मारतात तिथे तो असतो, आणि त्यात 'सुंगट सोडून' असं कुठे लिहिलेलं नसतं.

पहिल्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. सुंगट घळीच्या तोंडाशी शाणूमामाच्या शेजारी गुडघे टेकून बसली, पडवळ दोन्ही हातांत. मी आणि बावतीस दोरी सोडत आत निघालो. डाव्या हाताला खडकाला चिकटलेले लाल शेवंड मिश्या हलवत होते. मागे वळून बघितलं की दारावरचा दिवा लांबवर स्थिर दिसे, एखाद्या घराच्या ओसरीवर ठेवल्यासारखा. बावतीसनं पुढे बोट दाखवलं. घळ तिथे वळत होती. वळणापलीकडे काय होतं ते बघायला आम्ही आलो होतो.

आणि माझ्या पुढ्यातल्या वाळूवर ठिपका नाचला. झपझप, डावीउजवीकडे.

वळलो. बाहेर आलो तर शाणूमामा धडधाकट, सुंगट धडधाकट, वर होडी जागच्या जागी, होडीत गणो शेंगदाणे खात बसलेला. शाणूमामानं फक्त खांदे उडवले. तो दोरीकडे बघत होता, त्याला काही दिसलं नव्हतं.

कुणी काही विचारलं नाही.

तुला वाटतं ते सोपं आहे? बावतीसला विचार. जेवताना तो नुसता भात चिवडत होता.

"आज पाणी बरां होता," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"लय लांबचा दिसा होता. म्हंजे... काय काय दिसा होता. एखाद्याक काय दिसलाव असात."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"मी काय इचारलंय? मी पाण्याबद्दल बोलतंय!"

सुंगट सोलकढी पीत होती, वाटीच्या काठावरून दोघांकडे बघत. इतकं निरागस तोंड मी आजवर बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तेच वळण, तोच ठिपका, आणि बाहेर काहीही नाही. ह्या वेळी बावतीसनं होडीत चढल्यावर आपला मास्क काढला, तो नीट पुसला, पुन्हा पुसला, आणि मग समुद्राकडे तोंड करून समुद्राला शिव्या दिल्या. समुद्राला शिव्या देऊ नये असा काही नियम नव्हता.

संध्याकाळी तो सुंगटची तक्रार घेऊन माझ्याकडे आला.

"ता चेडू आपली मजा करता. ह्या शेंबड्या पोराकव कळता."

"असेल."

"पाणी आता गढूळ होतला. वारो फिरलो की मगे खंयचो आरपार नि खंयचा काय. तिका काढ. दिवो गणोक दे."

"कशासाठी काढू? ठिपका नाचवला म्हणून? मग उद्या गणोला खरंच काही दिसलं तर तो नाचवेल?"

बावतीसनं टकलावरून हात फिरवला. मग म्हणाला, "बरां. एक सांग. तू दोनदा फसलंस. तिसऱ्यांदा ठिपको नाचलो तर परततलंस?"

"हो."

"मी नाय परतूचंय. कोणच परतूचो नाय. दोनदा फसल्यार तिसऱ्यांदा परतता तो खुळो." तो थोडा थांबला आणि त्याचे गाल हलले. असे गाल हलले की समजावं, ह्याला काहीतरी सुचलंय. "आपण तिकाच करूया तसा. तीनदा. तिसऱ्यांदा ती परतली तर मी पुन्ना तोंड उघडूचंय नाय. नाय परतली तर दिवो गणोक."

मी कबूल केलं. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

त्याच संध्याकाळी सुंगट शेडच्या पायरीवर दिवा पुसत बसलेली दिसली. मी शेजारी बसले. दिव्याकडेच बघत ती म्हणाली, "मावशी, तू इचारलंस नाय."

"नाही."

"बावतीसकाकानव इचारल्यान नाय."

"त्याचं पोट दुखतंय त्यानं, पण नाही विचारलं."

ती खुदकन हसली. मग म्हणाली, "आमच्या घरात सगळे इचारतत. आयकत कोण नाय." आणि दिवा पुन्हा पुसायला लागली. तो आधीच लखलखत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही खाडीत खोटी घळ बांधली. तळाला स्वच्छ वाळू, पाणी माझ्या छातीपर्यंत. बांबूच्या कमानी पुरल्या, वर जाळी, जाळीवर काळी ताडपत्री, कडांना दगड. एक लांबोडकं भुयार झालं. कुठेही घाबरलं तर डोकं वर काढावं, ताडपत्री उचलली जाते, हे मी सुंगटकडून करून घेतलं. मी बाहेर पाण्यात भुयाराच्या बाजूनं मास्क लावून चालत राहणार होते. ताडपत्रीला मी बघण्यासाठी फटी ठेवल्या होत्या. भुयाराच्या आतल्या टोकाला, वाळूवर, एक पितळी डबा. डब्यात खाजा, मालवणी, गुळाच्या पाकातला. बावतीस तोंडाशी दिवा घेऊन.

"डबा घेऊन यायचं," मी म्हटलं. "ठिपका नाचला तर वळायचं. तळाला पाय लावायचा नाही."

"एवढाच?" सुंगटनं नाक मुरडलं.

मी मास्क लावायला वाकले तेवढ्यात बावतीस तिच्या कानाशी लागला, आणि ते मला ऐकू आलं तेव्हा उशीर झाला होता. "डबो हाडलंस तर दारावरचो दिवो तुजो. नायतर गणोचो. कळला?"

मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्यानं नळी तोंडात घातली आणि पाण्याखाली गेला. लबाड.

पहिल्या खेपेला ती छान गेली. पाय वर, गुडघ्यातून वाकवलेले, बेडकासारखे, मी शिकवले होते तसे. वाळूचा कण उठला नाही. डब्यापासून थोडी अलीकडे होती तेव्हा तिच्या पुढ्यात ठिपका नाचला. ती थांबली. वळली. बाहेर आली.

"कि..." नळी काढताच तिच्या तोंडून निघालं. मग 'कित्याक' गिळून तिनं ओठ मिटले. नाकातून फुसकन हवा सोडली आणि परत आत गेली.

दुसऱ्या खेपेला तिचं बोट डब्याच्या कडीला लागतंय एवढ्यात बावतीसनं नाचवला. ती वळली, पण ह्या वेळी बाहेर आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. मास्क काढला नाही, म्हणजे आम्हाला ते दिसणार नाही असं तिला वाटलं. काठावर बसलेला गणो ओरडला, "दिवो माजो! दिवो माजो!"

सुंगट बावतीसकडे बघत होती. काही म्हणजे काही विचारलं नाही तिनं. पण तो ठिपका मुद्दाम नाचवतोय हे आता तिला समजलं होतं, बावतीसचे गाल पाण्याखालीसुद्धा हलत असावेत.

"तिसरी पाळी," बावतीस म्हणाला. "ह्याच्यानंतर नाय. ह्या पाळयेक डबो इलो नाय तर दिवो गणोक. बाय, बरोबर मा?"

तीन खेपा ठरल्याच होत्या, पण परतली तर दिवा तिचाच राहणार हेही ठरलं होतं, आणि तो तिला नेमकं उलटं सांगत होता. मी मान हलवली आणि मास्क लावला.

ती आत शिरली. आता ती पहिल्यासारखी पोहत नव्हती. जरा घाईत, जरा रागात. मी बाजूनं चालत होते, फटीतून तिचा उजेड बघत. डबा चमकला. बावतीस अजून थांबला होता, तिला अगदी टोकापर्यंत जाऊ द्यायचं ठरवलं होतं त्यानं.

आणि मग डब्याच्या शेजारची वाळू हलली.

पहिल्यांदा मला वाटलं पाण्याची लहर. मग वाळूत दोन डोळे दिसले, आणि त्यांच्या मागे वाळूतच काढल्यासारखा एक मोठा, चपटा, गोल आकार. पाकट. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतं आणि सावली दिसली की वाळू अंगावर ओढून बसतं. दोन खेपांच्या मधे ते ताडपत्रीच्या टोकाखालून कधीतरी आत आलं असणार. त्याची शेपटी डब्याच्या कडेनं पसरली होती. त्या शेपटीत काटा असतो. पाकट आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही. पण त्याच्यावर हात पडला, गुडघा पडला, तर तो काटा माणसाच्या मांडीत आरपार जातो, आणि त्यात विष असतं. आमच्या वाडीतल्या एका दांडग्या गड्याला मी त्यानं लहान मुलासारखं रडताना बघितलं होतं.

सुंगटची नजर डब्यावर होती. तिचा उजेडही डब्यावर. तिला ते दिसलं नव्हतं.

मी ताडपत्रीला हात घातला आणि तसाच ठेवला. ती उचलली असती तर वरून उजेड आणि हालचाल, आणि बिथरलेलं पाकट जाणार कुठे? समोर मोकळी वाट एकच होती, तिच्या पोटाखालून. ओरडून काय उपयोग? पाण्याखाली कोण ऐकणार?

बावतीसला दिसलं होतं. दाराशी, खाली वाळूजवळ, आडव्या उजेडात त्याला माझ्याआधीच दिसलं असावं, कारण ठिपका नाचायला लागला होता. झपझप. डबा, वाळू, ताडपत्री, वाळू, डबा. इतका वेडावाकडा की आधीच्या दोन ठिपक्यांशी त्याचं काही नातं नव्हतं. पण उजेडाला आवाज नसतो रे. डब्यावर डोळा असलेल्याला खरा ठिपका आणि खोटा ठिपका सारखाच दिसतो.

सुंगटचा हात डब्याच्या दिशेनं पुढे गेलेला होता. वीतभर उरलं होतं. माझ्या डोक्यात बावतीसचंच वाक्य वाजत होतं, दोनदा फसल्यार तिसऱ्यांदा परतता तो खुळो. मला वाटतं, त्याच्याही डोक्यात तेच वाजत असणार.

हात तिथेच थांबला.

तिनं ठिपक्याकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. तिच्या नळीतून एकदम पुष्कळ बुडबुडे सुटले. पाण्याखाली दिलेली शिवी अशीच दिसते.

मग तिनं हात मागे घेतला. गुडघा टेकला नाही, पाय खाली सोडला नाही. जागच्या जागी, हातांनी पाणी ढकलत, अंग वळवलं, जसं अरुंद जागेत वळायचं असतं. तिच्या पायातला पोहायचा रबरी पंख पाकटाच्या शेपटीवरून गेला. शेपटी हलली नाही. तिनं आपल्या दिव्याचा ठिपका बावतीसच्या पुढच्या वाळूवर टाकला, त्याच्या डोळ्यांत नाही, आणि एक सावकाश गोल काढला. ठीक आहे. येते.

ती भुयाराबाहेर आल्यावर मी टोकाचे दगड काढले आणि ताडपत्री वर धरली. पाकट वाळू झटकून उठलं आणि परातीएवढी सावली खाडीकडे निघून गेली.

मी तोंडाशी पोचले तेव्हा दोघं पाण्यात उभी होती. बावतीसनं मास्क काढून टाकला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ हलत होते.

"चेडवा," तो म्हणाला, "थंय... सायबा... थंय डब्याकडे..."

काठावर गणो नाचत होता, "डबो नाय! डबो नाय हाडल्यान!"

सुंगटनं आपला ओला तळहात उचलला आणि बावतीसच्या तोंडावर दाबला.

"इचारूचा नाय तर सांगूचाव नाय," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता आणि हनुवटी वर होती. दिवा गेला असंच ती समजत होती.

बावतीसच्या उजव्या हातात दिवा तसाच होता, आणि तो हात अजून हलत होता. झपझप, डावीउजवीकडे. ठिपका पाण्यावर, बांबूंवर, माझ्या अंगावर, गणोच्या पोटावर नाचत होता. त्याला ते कळतच नव्हतं.

सुंगटनं ते बघितलं. तिनं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि तो हात थांबेपर्यंत धरून ठेवलं.